‘मला पाहिजे’ की ‘मला हवं होतं’? – इटलीतल्या रेस्टॉरंटमध्ये नम्रपणे ऑर्डर देऊ या



आजचा पाठ थोडा वेगळा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोपच्या सहलीला जाणारी मराठी कुटुंबं आता कमी नाहीत. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ही नावं घराघरांत ऐकू येतात. काहींची मुलं मिलान किंवा तोरिनोला शिकायलाही जातात. सहलीच्या कंपनीबरोबर असलात तर जेवणाची काळजी तेच घेतात. पण एखादा दिवस मोकळा मिळतो, आपण चौघं गल्लीतल्या एखाद्या छोट्या रेस्टॉरंटमध्ये शिरतो, आणि वेटर समोर येऊन उभा राहतो. आता बोलायचं काय?

आपल्यापुढे दोन अडचणी असतात. एक म्हणजे समोरच्याला उद्धट वाटता कामा नये. दुसरी त्याहून मोठी, म्हणजे आपण जे खात नाही ते ताटात येता कामा नये. दोन्हींसाठी पंधरा-वीस वाक्यं पुरतात. आणि गंमत अशी, की इटालियन नम्रपणाची किल्ली आपल्या मराठीतच आहे. चला तर मग, सुरुवात करू या.

१. नम्रपणा कुठे राहतो?

इंग्रजी शिकताना आपल्याला सांगितलं जातं, की ‘प्लीज’ म्हटलं की झालं नम्र. मराठीत तसं नसतं. हॉटेलात जाऊन ‘कृपया एक चहा द्या’ असं कोणी म्हणत नाही. ‘कृपया’ हा पाटीवरचा शब्द आहे. आपण म्हणतो, ‘दादा, दोन चहा द्या ना’. वर्गातली मुलं विचारतात, ‘बाई, पाणी पिऊन येऊ का?’ यात ‘कृपया’ कुठेच नाही, तरी वाक्य नम्र आहे. कारण नम्रपणा क्रियापदात आहे.

इटालियनमध्येही हेच आहे. ‘पेर फावोरे’ म्हणजे ‘कृपया’. हा शब्द तिथे रोज वापरतात, आणि आपणही वापरायचा. पण क्रियापद चुकलं तर एकटा ‘पेर फावोरे’ वाक्याला सावरू शकत नाही.

आता ही तीन वाक्यं पाहा.

- वोल्यो उन काफ्फे. – मला कॉफी पाहिजे.
- वोलेवो उन काफ्फे. – मला कॉफी हवी होती.
- वोर्रेइ उन काफ्फे. – मला कॉफी मिळाली तर बरं होईल.

तिन्ही वाक्यांत क्रियापद एकच आहे, ‘वोलेरे’ म्हणजे हवं असणं. फक्त रूप बदललं आहे.

‘वोल्यो’ हे साधं वर्तमानकाळाचं रूप. व्याकरणाने बरोबर, पण रेस्टॉरंटमध्ये ते हट्ट करणाऱ्या लहान मुलासारखं वाटतं. आपण मनात ‘मला पाहिजे’ म्हणतो आणि शब्दाला शब्द ठेवून ‘वोल्यो’ बोलून जातो. इथेच घोटाळा होतो.

‘वोलेवो’ हे भूतकाळाचं रूप. आता विचार करा, आपण दुकानात काय म्हणतो? ‘काका, एक वही हवी होती.’ वही तर आत्ता हवी आहे, मग ‘होती’ कशाला? कारण भूतकाळात ढकललं की मागणीची धार कमी होते. इटालियन माणूस अगदी हेच करतो. त्यांच्याकडे यावर एक जुना विनोदही आहे. गिऱ्हाईक ‘हवं होतं’ म्हणालं, की समोरचा विचारतो, ‘होतं? मग आता नको का?’

‘वोर्रेइ’ हे तिसरं रूप ‘जर-तर’च्या अर्थाचं आहे. रेस्टॉरंटसाठी हे सर्वांत योग्य. आजच्या पाठातून एकच शब्द लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. एकट्यासाठी वोर्रेइ, आणि ‘आम्हाला’ म्हणायचं असेल तर वोर्रेम्मो.

याशिवाय ‘मिळेल का?’ या आपल्या लाडक्या प्रश्नालाही तिथे जोड आहे.

- पोत्रेइ आवेरे उन बिक्क्येरे दाक्वा? – मला एक ग्लास पाणी मिळेल का?
- मी पोर्ता इल मेनू, पेर फावोरे? – मेनू आणून देता का?

२. तू, लेइ आणि आपली ‘स्वारी’

इटालियनमध्ये ‘तू’ला काय म्हणतात? ‘तू’च म्हणतात! उच्चार तोच, अर्थही तोच. मराठी आणि इटालियन या दोन्ही भाषा एकाच मोठ्या इंडो-युरोपीय कुटुंबातल्या आहेत, त्याची ही छोटी खूण.

पण अनोळखी मोठ्या माणसाला आपण ‘तू’ म्हणत नाही, तसंच तिथेही म्हणत नाहीत. तिथे आदरार्थी शब्द आहे लेइ. या शब्दाचा दुसरा अर्थ आहे ‘ती’. म्हणजे समोर भारदस्त मिशीवाले गृहस्थ असले, तरी त्यांच्याशी बोलताना ‘ती’चं सर्वनाम वापरायचं! असं का? पूर्वी आदराने ‘वोस्त्रा सिन्योरिया’ म्हणजे ‘आपलं स्वामित्व’ अशा अर्थाचे शब्द वापरत. तो शब्द स्त्रीलिंगी, म्हणून सर्वनामही स्त्रीलिंगी आलं आणि तसंच राहिलं.

हे विचित्र वाटतं का? मग आपली ‘स्वारी’ आठवा. ‘महाराजांची स्वारी आली’, किंवा घरात थट्टेने ‘आज स्वारी खुशीत दिसते!’ माणूस पुरुष, पण शब्द ‘स्वारी’, म्हणून क्रियापद ‘आली’. ‘लेइ’ची गोष्ट याच जातीची आहे.

या छोट्या शब्दाचा इतिहासही मोठा आहे. मुसोलिनीच्या फॅसिस्ट सरकारने १९३८ साली ‘लेइ’ वापरू नका, त्याऐवजी ‘वोइ’ म्हणा, अशी मोहीम चालवली. युद्धानंतर ‘लेइ’ परत आलं. दक्षिण इटलीत काही ठिकाणी आदरार्थी ‘वोइ’ अजूनही ऐकू येतं. आज सर्वत्र ‘वोइ’चा नेहमीचा अर्थ मात्र ‘तुम्ही सगळे’ असा आहे. म्हणून चौघं बसला असाल, तर वेटर तुम्हाला ‘वोइ’च्या रूपात विचारेल.

रोजच्या वापरात फरक असा दिसतो:

- मित्राला: स्कूझा (ए, ऐक ना, माफ कर)
- वेटरला: मी स्कूझी (अहो, माफ करा)

आपल्याकडे हाक मारायला दादा, काका, मावशी, ताई आहेत. तिथे अनोळखी माणसाला नात्याने हाक मारत नाहीत. ते सगळं काम ‘मी स्कूझी’ करतं. ‘कामेरियेरे!’ म्हणजे ‘ओ वेटर!’ अशी हाक आता रूक्ष वाटते. टिचकी वाजवणं, ‘शुक् शुक्’ करणं हे तर आपल्याकडेही वाईटच. नजरेला नजर मिळाली, हात थोडा वर केला, ‘मी स्कूझी’ म्हटलं, बस्स.

३. आधी नमस्कार, मग मागणी

आत शिरल्याबरोबर पहिला शब्द नमस्काराचा. तो गाळून थेट ‘टेबल आहे का?’ विचारणं तिथे बरं दिसत नाही.

- ब्वोनजोर्नो – दिवसा
- ब्वोनासेरा – संध्याकाळी व रात्री
- साल्वे – कोणत्याही वेळी, फार औपचारिक नाही

‘चाओ’ सगळ्यांना माहीत असतो, पण तो मित्रांसाठी आणि लहानांसाठी. वेटरने स्वतः म्हटला तर गोष्ट वेगळी. निघताना म्हणायचं आर्रिवेदेर्ची.

बसण्यासाठी:

- उन तावोलो पेर क्वात्त्रो, पेर फावोरे. – चौघांसाठी टेबल द्या.
- सियामो इन दुए. – आम्ही दोघं आहोत.

एक सूचना. बऱ्याच रेस्टॉरंटची स्वयंपाकघरं दुपारी साधारण अडीच-तीनला बंद होतात आणि संध्याकाळी सात-साडेसातला उघडतात. दुपारी चारला पोरं भुकेली झाली तर बारमध्ये जा. दचकू नका! इटलीतला ‘बार’ म्हणजे मुख्यतः कॉफी आणि खाण्याचं दुकान. सकाळी शाळेत जाणारी मुलंही तिथे दिसतात. तिथे उभ्याने कॉफी घेतली तर स्वस्त, टेबलावर बसलं तर अनेक ठिकाणी महाग. काही ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची आणि ती काउंटरवर दाखवायची.

४. मेनू समजून घेऊ

- आन्तिपास्तो – सुरुवातीचं खाणं
- प्रीमो – पास्ता, रिसोत्तो, सूप
- सेकोन्दो – मुख्यतः मांस किंवा मासे
- कोन्तोर्नो – भाजी, कोशिंबीर
- दोल्चे – गोड

सगळं मागवलंच पाहिजे असं नाही. नुसता ‘प्रीमो’ घेतला तरी चालतं. ‘सेकोन्दो’बरोबर भाजी आपोआप येत नाही, ‘कोन्तोर्नो’ वेगळा मागवावा लागतो.

पाणी बहुधा बाटलीचं मिळतं. वेटर विचारेल, ‘नातुराले ओ फ्रिज्झान्ते?’ म्हणजे साधं की बुडबुड्यांचं? आपल्याला बहुतेक वेळा ‘नातुराले’ हवं असतं.

बिलावर ‘कोपेर्तो’ असा शब्द दिसला तर वाद घालू नका. ते माणशी आकारलं जाणारं बैठकीचं शुल्क असतं आणि मेनूवर छापलेलं असतं. टिप देणं सक्तीचं नाही.

५. शाकाहारी असाल तर हा भाग दोनदा वाचा

इथे नम्रपणाइतकाच स्पष्टपणा हवा. काही जण भिडेपोटी गप्प बसतात आणि मग पानात नको ते आलं की उपाशी उठतात. तसं करू नका. स्पष्ट विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

- सोनो वेजेतारियानो. – मी शाकाहारी आहे (पुरुष)
- सोनो वेजेतारियाना. – मी शाकाहारी आहे (स्त्री)
- सियामो वेजेतारियानी. – आम्ही शाकाहारी आहोत

आपण ‘मी जातो, मी जाते’ म्हणतो, तसाच हा शेवटच्या स्वराचा फरक.

पण एवढंच पुरत नाही. तिथल्या शाकाहारात अंडी धरलेली असतात, आणि वरून भाजीचा दिसणारा पदार्थ मांसाच्या पाण्यात शिजलेला असू शकतो. म्हणून पुढची वाक्यं पाठ करा.

- नोन मांजो ने कार्ने ने पेशे. – मी मांस खात नाही, मासेही खात नाही.
- नोन मांजो नेम्मेनो ले उओवा. – मी अंडीसुद्धा खात नाही.
- चे कार्ने इन क्वेस्तो प्यात्तो? – या पदार्थात मांस आहे का?
- ए फात्तो कोन ब्रोदो दी कार्ने? – हे मांसाच्या पाण्यात केलेलं आहे का?

शेवटचा प्रश्न रिसोत्तो आणि सूप मागवताना विचाराच. ‘रिसोत्तो आल्ला मिलानेझे’ हा केशरी भात दिसायला आपल्या केशरी भाताचा भाऊ, पण पारंपरिक कृतीत मांसाचं पाणी आणि हाडातला मगज असतो.

पास्त्याचंही लक्षात घ्या. सुका पास्ता, म्हणजे स्पागेत्ती, पेन्ने, हा सहसा फक्त गहू आणि पाण्याचा. ताजा पास्ता, उदाहरणार्थ ताल्यातेल्ले, हा बहुधा अंड्याचा.

हे शब्द मेनूवर दिसले तर थांबा: मान्झो (गोमांस), मायाले (डुकराचं मांस), पोल्लो (कोंबडी), प्रोशूत्तो, पानचेत्ता, ग्वानचाले (तिन्ही डुकराच्या मांसाचे प्रकार), आच्चूगे किंवा आलीची (छोटे मासे), तोन्नो (ट्यूना मासा), स्त्रुत्तो (डुकराची चरबी). ‘रागू’ म्हणजे मांस घातलेला रस्सा. ‘कार्बोनारा’त अंडं आणि ग्वानचाले, ‘आमात्रिचाना’तही ग्वानचाले.

आणि हे पदार्थ बहुतेकांना चालतील: स्पागेत्ती आल पोमोदोरो (टोमॅटोचं), पित्सा मार्गेरिता, पित्सा मारिनारा. ‘मारिनारा’ नावात समुद्र आहे, पण त्यावर मासे नसतात. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढंच असतं. तिखटाची आठवण येत असेल तर ‘पेन्ने आल्लार्राब्याता’ मागवा. त्यात टोमॅटो, लसूण आणि मिरची असते. ‘आर्राब्याता’ म्हणजे रागावलेली!

काटेकोर शाकाहारी वाचकांसाठी: पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या जठरातल्या विकराने दूध गोठवून करतात. ते नको असेल तर म्हणा, सेन्त्सा पार्मिजानो, पेर फावोरे. ‘सेन्त्सा’ म्हणजे ‘शिवाय’. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर सेन्त्सा चिपोल्ला ए सेन्त्सा आल्यो. इथे ‘आल्यो’ म्हणजे आलं नव्हे हं, लसूण!

फसवे शब्द आणखीही आहेत. ‘पेपेरोनी’ म्हणजे ढोबळी मिरची. अमेरिकन पद्धतीच्या पिझ्झावर याच नावाचं मांस असतं, पण इटलीत ती भाजीच. ‘पेपे’ म्हणजे मिरी, आणि ‘पेपेरोनचीनो’ म्हणजे तिखट मिरची. आणि बारमध्ये नुसतं ‘लात्ते’ मागितलंत तर कपात कॉफी नाही, दूध येईल.

घरात कोणाला ॲलर्जी असेल तर संकोच मुळीच नको. सोनो आल्लेर्जिको आल्ले आराकिदी म्हणजे ‘मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे’. स्त्रीने ‘आल्लेर्जिका’ म्हणायचं. युरोपीय संघाच्या नियमानुसार १३ डिसेंबर २०१४ पासून १४ प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं रेस्टॉरंटला बंधनकारक आहे. त्यामुळे विचारणं हा तुमचा हक्क आहे.

६. उच्चार – मराठी माणसाला सोपे

१) त आणि द हे आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणायचे. इंग्रजीच्या सवयीने ‘ट’ आणि ‘ड’ करू नका. ‘पास्टा’ नाही, ‘पास्ता’.

२) मराठीत ‘च’ दोन आहेत. ‘चिमणी’तला आणि ‘चमचा’तला. इटालियनमध्येही दोन्ही आवाज आहेत. ‘चाओ’मध्ये चिमणीचा ‘च’, तर ‘ग्रात्सिये’ (धन्यवाद) आणि ‘पित्सा’ यांतला ‘त्स’ म्हणजे चमच्याचा ‘च’. हिंदी भाषकाला हा आवाज मुद्दाम शिकावा लागतो, आपल्याला नाही.

३) सी या अक्षरापुढे एच आलं तर उच्चार ‘क’. म्हणून ‘ब्रुशेटा’ नव्हे, ‘ब्रुस्केत्ता’.

४) जोडाक्षर गिळू नका. आपल्याकडे ‘मका’ वेगळा आणि ‘मक्का’ वेगळी. तिथे ‘सेते’ म्हणजे तहान आणि ‘सेत्ते’ म्हणजे सात. ‘वोर्रेमो’ म्हणजे ‘आम्हाला हवं असेल’, आणि ‘वोर्रेम्मो’ म्हणजे ‘आम्हाला मिळालं तर बरं होईल’. एका ‘म’ने अर्थ बदलतो.

७. नमुना संवाद

फ्लॉरेन्समधलं छोटं रेस्टॉरंट, संध्याकाळचे आठ. एक मराठी जोडपं आत येतं.

बाई: ब्वोनासेरा. उन तावोलो पेर दुए, पेर फावोरे.
(नमस्कार. दोघांसाठी टेबल मिळेल का?)

वेटर: ब्वोनासेरा! प्रेगो.
(नमस्कार! या ना.)

वेटर: दा बेरे?
(प्यायला काय आणू?)

बाई: आक्वा नातुराले, ग्रात्सिये. मी स्कूझी, सियामो वेजेतारियानी. कोझा ची कोन्सील्या?
(साधं पाणी. अहो, आम्ही शाकाहारी आहोत. तुम्ही काय सुचवाल?)

वेटर: ला पार्मिजाना दी मेलान्झाने, सिन्योरा.
(वांग्याची पार्मिजाना घ्या, बाई.)

बाई: चे कार्ने?
(त्यात मांस आहे का?)

वेटर: नो, सोलो मेलान्झाने, पोमोदोरो ए फोर्माज्जो.
(नाही, फक्त वांगी, टोमॅटो आणि चीज.)

बाई: आल्लोरा, वोर्रेइ ला पार्मिजाना.
(मग मला पार्मिजाना द्या.)

नवरा: ए पेर मे, ले पेन्ने आल्लार्राब्याता.
(आणि माझ्यासाठी पेन्ने आर्राब्याता.)

जेवण झाल्यावर –

वेटर: तूत्तो बेने?
(सगळं ठीक?)

बाई: सी, एरा तूत्तो ब्वोनीस्सिमो. मी पोर्ता इल कोन्तो, पेर फावोरे?
(हो, सगळं फार छान होतं. बिल आणता का?)

तीन गोष्टी टिपून ठेवा. ‘प्रेगो’ हा शब्द फार कामाचा आहे. ‘या’, ‘बोला’, ‘घ्या’ आणि ‘त्यात काय एवढं’ या सगळ्याला तो एकच चालतो. दुसरं, नवऱ्याने ‘वोर्रेइ’ न वापरता ‘पेर मे’ म्हणजे ‘माझ्यासाठी’ म्हटलं, तेही नम्रच आहे. प्रत्येक पदार्थाला ‘पेर फावोरे’ लावायची गरज नाही. तिसरं, बिल मागितल्याशिवाय सहसा येत नाही. वेटर विसरला असं समजू नका. बिल आधीच आणून ठेवणं म्हणजे पाहुण्याला ‘उठा आता’ म्हणण्यासारखं तिथे वाटतं.

जेवणानंतर ‘उन काफ्फे’ मागितलंत की छोट्या कपात कडक, बिनदुधाची कॉफी येते. कापुच्चीनो तिथे सकाळचं पेय. रात्री मागितलंत तर देतील, पण जरा नवल वाटेल.

स्वाध्याय

अ) नम्र रूपात बदला: ‘वोल्यो उना पित्सा.’
आ) वेटरला हाक मारताना योग्य शब्द कोणता? स्कूझा / मी स्कूझी / चाओ
इ) तुम्ही अंडी खात नाही. एक वाक्य सांगा.
ई) ‘सेते’ आणि ‘सेत्ते’ यांतला फरक सांगा.
उ) मराठीत ‘कृपया’ हा शब्द न वापरता नम्रपणे पाणी मागण्याचे तीन प्रकार लिहा.

उत्तरे: अ) वोर्रेइ उना पित्सा, पेर फावोरे. आ) मी स्कूझी. इ) नोन मांजो नेम्मेनो ले उओवा. ई) तहान आणि सात.

‘उ’चं उत्तर मी देत नाही. ते घरी मुलांबरोबर बसून काढा. ‘पाणी देता का?’, ‘जरा पाणी हवं होतं’ असे किती तरी प्रकार मुलंच सांगतील, आणि आपल्या भाषेत किती बारकावे आहेत हे त्यांना आपोआप कळेल. परकी भाषा शिकताना आपली भाषा नव्याने दिसते, हा या पाठाचा खरा फायदा.

जाण्याआधी संवाद दोघांनी वेटर आणि गिऱ्हाईक होऊन मोठ्याने म्हणा. तीन वेळा म्हटलात की जिभेवर बसेल. आणि हो, जेवायला सुरुवात करताना आपण जसं ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो, तसं तिथे म्हणतात,

ब्वोन आप्पेतीतो!